स्लॉट मोजून झाले, लोड कोण मोजणार? : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले प्रश्न वेगवेगळ्या लोकांचे आहेत, कुणाचं स्टॉर्म, कुणाचं फ्लिंक, एकाचं काफ्का स्ट्रीम्स (तिन्ही सतत येणारा डेटा अनेक मशीनवर वाटून प्रोसेस करणारी साधनं), पण वाचता वाचता लक्षात आलं की दुखणं सगळ्यांचं एकच आहे, शेड्युलरने (काम कुठे चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाने) वर्कर (काम करणारे प्रोसेस) नोडवर (मशीनवर) वाटले आणि ते वाटप बघून माणूस डोकं धरून बसलाय. म्हणून सगळे एकाच अंकात घेतले. पहिल्या उत्तराला जरा जास्त जागा गेलीय, पण तो प्रश्नच तसा भारी आहे.

प्रश्न : आमच्याकडे स्टॉर्मचा 4 नोडचा क्लस्टर आहे, चारही मशीन सेम टू सेम. टोपॉलॉजीला (स्टॉर्मवर चालणाऱ्या अख्ख्या प्रोग्रामला) 4 वर्कर दिलेत. यूआयमध्ये प्रत्येक नोडवर एक एक वर्कर नीट बसलेला दिसतो आणि प्रत्येकात एक्झिक्युटर (थ्रेड) पण 4-4. तरी दोन नोडचा सीपीयू 90 टक्क्यांच्या वर आणि उरलेले दोन 10-15 टक्क्यांवर निवांत. काफ्कामधून (मेसेज साठवणाऱ्या रांगेतून) 2 स्पाउट (डेटा आत आणणारे भाग) वाचतात, मग 6 एक्झिक्युटरचा पार्सिंग बोल्ट (बोल्ट म्हणजे डेटावर काम करणारा टप्पा), मग 4 चा रायटर बोल्ट. शेड्युलर गंडलाय का?

उत्तर : नाही हो, शेड्युलरने त्याचं काम अगदी चोख केलंय, फक्त त्याचं काम काय आहे याबद्दल आपला समज वेगळा असतो.

आधी हिशोब जुळतोय का बघू. 2 स्पाउट, 6 पार्सिंग, 4 रायटर, झाले 12. पण तुमच्या यूआयमध्ये 4-4 म्हणजे 16 दिसतायत, तर वरचे 4 कुठून आले? ते अ‍ॅकर. तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर स्टॉर्म प्रत्येक वर्करमागे एक अ‍ॅकर एक्झिक्युटर स्वतःहून टाकतो, मेसेज पूर्ण प्रोसेस झाला की नाही याचा माग ठेवायला. म्हणजे 16 थ्रेड, 4 वर्कर, प्रत्येकी 4. कागदावर एकदम समसमान.

आता हे वाटप कोण करतं, तर निंबस. निंबस वर बसून उंटावरून शेळ्या हाकतो, प्रत्येक नोडवर त्याचा एक सुपरवायझर असतो आणि दोघांच्या मधला निरोप्या म्हणजे झूकीपर. सुपरवायझर सांगतो की माझ्याकडे इतके स्लॉट आहेत, आणि स्लॉट म्हणजे तरी काय, तर कॉन्फिगमध्ये लिहिलेले पोर्ट नंबर, डिफॉल्टला 6700 ते 6703 असे चार. निंबसचा नेहमीचा शेड्युलर या मोकळ्या स्लॉटची यादी अशी लावतो की आधी प्रत्येक नोडचा एक एक स्लॉट यावा, मग दुसरा, मग तिसरा. त्यातले लागतील तितके उचलतो आणि एक्झिक्युटर त्यांच्यावर पत्ते वाटल्यासारखे एकेक करून टाकत जातो. बस. कुठल्या थ्रेडला किती सीपीयू लागतो, कुठल्या नोडवर आधीच दमछाक चाललीय, यातलं काहीही तो बघत नाही. तो डोकी मोजतो आणि डोकी त्याने बरोबर मोजलीत.

मग दोनच नोड का रडतायत? इथे माझा अंदाज सांगतो, आणि तो चेक करायला पाच मिनिटं लागतील. तुमचे स्पाउट दोनच आहेत, म्हणजे ते चारपैकी दोनच वर्करमध्ये पडणार, तिसऱ्या-चौथ्याच्या वाट्याला स्पाउट येणारच नाही. आता कोडमध्ये स्पाउट आणि पार्सिंग बोल्टच्या मध्ये कुठलं ग्रुपिंग (कुठला मेसेज कुणाकडे जाणार याचा नियम) लावलंय बघा. तिथे लोकल-ऑर-शफल असेल तर चोर सापडला. या ग्रुपिंगचा नियम असा की आपल्याच वर्कर प्रोसेसमध्ये पुढच्या बोल्टचा एखादा टास्क (बोल्टची एक चालती प्रत) असेल तर माल, म्हणजे मेसेज, तिथेच द्यायचा, बाहेर जायचंच नाही. पार्सिंगचे 6 एक्झिक्युटर चारही वर्करमध्ये आहेत, म्हणजे स्पाउटच्या शेजारी कुणी ना कुणी पार्सिंगवाला बसलेला असणारच, त्यामुळे सगळा माल त्या दोन वर्करमध्येच जिरतो आणि बाकीच्या दोन वर्करमधले पार्सिंग थ्रेड आयुष्यभर रिकामी रांग बघत बसतात. ते 10-15 टक्के दिसतायत ते बहुतेक रायटर बोल्टचे, कारण तिथे मधलं ग्रुपिंग वेगळं असेल.

खात्री करायची तर यूआयमध्ये पार्सिंग बोल्टच्या पानावर जा, तिथे एक्झिक्युटरवार होस्ट, पोर्ट आणि कपॅसिटी दिसते. कपॅसिटी 1 च्या जवळ म्हणजे तो थ्रेड पूर्ण वेळ राबतोय. काही ओळी 1 ला टेकलेल्या आणि काही जवळपास शून्य, असं चित्र असलं आणि 1 वाले सगळे स्पाउटच्याच होस्टवर निघाले, की विषय संपला.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे त्या जागी साधं शफल ग्रुपिंग (सगळ्यांना सारखं वाटणारं) लावा, मग माल चारही नोडवर जाईल, बदल्यात सिरियलायझेशन (मेसेजचे बाइट करणं) आणि नेटवर्कचा खर्च येईल, पण पार्सिंग जड असेल तर तो खर्च परवडतो. दुसरा म्हणजे स्पाउटच 4 करा, पण मग काफ्का टॉपिकचे पार्टिशन (टॉपिक म्हणजे मेसेजची एक रांग, पार्टिशन म्हणजे तिचे भाग) निदान 4 हवेत, कारण पार्टिशन 2 आणि स्पाउट 4 असं केलं तर जास्तीचे दोन नुसते हजेरी लावतील. आणि पार्टिशन वाढवताना एक लक्षात ठेवा, एखादा युजर आयडी आधी ज्या पार्टिशनमध्ये जात होता तो आता दुसरीकडे जाऊ शकतो, पुढे कुणी त्या क्रमावर विसंबून असेल तर त्याला आधी विचारा. मी तुमच्या जागी असतो तर आधी शफल करून बघितलं असतं, एका ओळीचा बदल आहे.

अंदाज चुकला आणि तिथे फील्ड्स ग्रुपिंग निघालं तर कहाणी वेगळी, मग एकाच फील्डच्या एकाच व्हॅल्यूचे मेसेज प्रचंड असणार आणि ते सगळे एकाच टास्ककडे जाणार, त्याला वर्कर इकडचे तिकडे करून काडीचा फरक पडत नाही. तिथे गरम व्हॅल्यू फोडून दोन टप्प्यांत मोजणी करावी लागते, ते शेड्युलरच्या हातातलं कामच नाही.

प्रश्न : वेग वाढावा म्हणून आम्ही त्याच 4 मशीनवर वर्कर 4 चे 16 केले, स्लॉट मोकळेच होते. उलट लेटन्सी (एका मेसेजला लागणारा वेळ) वाढली. हे कसं काय?

उत्तर : हे जवळपास प्रत्येक जण एकदा करतोच. मी पण केलंय, आणि तुमच्यापेक्षा वाईट केलंय. चार कोरच्या मशीनवर मी पोर्टची यादी वाढवून 12 स्लॉट केले होते, कारण काय तर पोर्ट नंबर मोकळे आहेत की! पोर्ट नंबरला कुठे रॅम लागते. दुसऱ्या दिवशी मशीन स्वॅपमध्ये गेलं (रॅम संपून डिस्क वापरायला लागलं), हार्टबीट ('मी जिवंत आहे' असे निरोप) वेळेत पोचेनात, निंबसने ते वर्कर मेलेत असं समजून दुसऱ्या नोडवर टाकले आणि मग ते नोड पण त्याच वाटेने गेले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तर मुद्दा असा की वर्कर म्हणजे थ्रेड नाही, तो अख्खा वेगळा जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोसेस) आहे. प्रत्येकाचा स्वतःचा हीप (ऑब्जेक्टची मेमरी), डिफॉल्ट 768 एमबी, स्वतःचा गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी साफ करणं), स्वतःची नेटवर्क कनेक्शनं. एकाच वर्करमधले दोन थ्रेड एकमेकांना मेसेज देतात तेव्हा तो मेमरीतल्या रांगेतून जातो, ऑब्जेक्ट जसाच्या तसा. तोच मेसेज दुसऱ्या वर्करला द्यायचा झाला की आधी क्रायो लायब्ररीने त्याचे बाइट करायचे, नेटी या नेटवर्क लायब्ररीवरून पाठवायचे, पलीकडे परत ऑब्जेक्ट बनवायचा, आणि हे तो दुसरा वर्कर त्याच मशीनवर शेजारी बसला असला तरीही! तुम्ही 4 चे 16 केले म्हणजे आधी जे दोन थ्रेड एका प्रोसेसमध्ये गप्पा मारत होते त्यांच्या मध्ये भिंती घातल्या. शिवाय अ‍ॅकर पण 4 चे 16 झाले.

म्हणून स्टॉर्मवाल्यांचा जुना नियम, एका टोपॉलॉजीचा एका नोडवर एकच वर्कर. वाढवायचे तर आतले एक्झिक्युटर वाढवा. याला अपवाद आहेत, हीप एवढा मोठा झालाय की गार्बेज कलेक्शनला सेकंद सेकंद लागतायत, किंवा एखादी लायब्ररी क्रॅश होते आणि तिच्याबरोबर सगळं बुडायला नको, तर दोन करा, पण कारण माहीत असून करा.

याच्या बरोबर उलटा निर्णय ट्विटरने स्टॉर्मच्या जागी बनवलेल्या हेरॉनमध्ये घेतला, 2015 मध्ये त्यावर पेपर पण आला. त्यांचं म्हणणं होतं की एका जेव्हीएममध्ये वेगवेगळ्या बोल्टचे टास्क कोंबले की कोण खातंय हेच कळत नाही, डीबग करताना जीव जातो, म्हणून तिथे प्रत्येक इन्स्टन्सला वेगळा प्रोसेस, आणि कुठल्या मशीनवर काय ठेवायचं ते ऑरोरासारख्या बाहेरच्या शेड्युलरकडे सोपवलं. त्यांच्या स्केलला ते बरोबर असेल. 4 मशीनवाल्याने त्यातून धडा घेऊन 16 वर्कर करायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. टास्कची संख्या टोपॉलॉजी सबमिट करताना जी ठरते तीच शेवटपर्यंत राहते. एक्झिक्युटर आणि वर्कर चालू असताना रीबॅलन्सने (परत वाटप करायच्या कमांडने) बदलता येतात, टास्क नाही. एका एक्झिक्युटरला निदान एक टास्क हवाच, म्हणजे 6 टास्क असतील तर एक्झिक्युटर 6 च्या वर जाणारच नाहीत, कमांडमध्ये 20 लिहा नाहीतर 200. त्यामुळे पुढे वाढायचं असेल तर सुरुवातीलाच टास्क जरा सढळ हाताने द्या, 6 एक्झिक्युटरला 12 किंवा 24, एका थ्रेडमध्ये ते पाळीपाळीने चालतात, बिघडत काही नाही.

प्रश्न : एक नोड बंद पडला, वर्कर बाकीच्या नोडवर गेले, छान. पण नोड परत चालू केला तर तो दोन दिवस रिकामाच! निंबसला दिसत नाही का तो?

उत्तर : दिसतो की, पण त्याला हलायचं कारण नाही. निंबस दर 10 सेकंदांनी सगळ्या टोपॉलॉजी तपासतो आणि दोनच गोष्टी विचारतो, कुठला एक्झिक्युटर बेवारस आहे का, आणि मागितलेल्या वर्करपेक्षा कमी मिळालेत का. दोन्हीचं उत्तर नाही असेल तर तो पुढे जातो. समजा 4 नोड, 16 स्लॉट, तुम्ही 12 वर्कर मागितलेले. एक नोड गेला, 30 सेकंद हार्टबीट आले नाहीत म्हणून वर्कर मेले असं धरलं, उरलेल्या 3 नोडवर 12 स्लॉट होते, सगळे 12 तिथे बसले. आता नोड परत आला तरी 12 मागितले, 12 आहेत, मग कशाला हात लावायचा? तेच जर तुम्ही 14 मागितले असते तर 2 कमी पडले असते आणि नोड आल्या आल्या निंबसने नवीन वाटप केलं असतं. गंमत आहे की नाही, तुटवडा असेल तर आपोआप सुधारतं आणि सगळं भागत असेल तर वाकडं ते वाकडंच राहतं.

हा आळशीपणा वाटतो पण मला तो पटतो. वर्कर हलवणं म्हणजे जेव्हीएम मारून दुसरीकडे नवीन उभा करणं, मेमरीत जे साठवलं असेल ते गेलं, अर्धवट मेसेज परत पहिल्यापासून चालवायचे. नोड लुकलुकणारा असेल, म्हणजे दर तासाला येतोय जातोय, तर प्रत्येक वेळी हलवाहलव केली असती तर काम कधी झालं असतं?

तुम्ही रीबॅलन्स कमांड द्या, पण वेळ बघून. ती आधी टोपॉलॉजीचे स्पाउट थांबवते, मेसेज टाइमआउट एवढा वेळ, डिफॉल्टला 30 सेकंद, आतला माल निपटायची वाट बघते आणि मग परत वाटप करते. गर्दीच्या वेळी नको.

तुम्ही लिहिलं नाहीये पण विचारणारच असाल म्हणून, सुपरवायझरचा प्रोसेस मेला तर वर्कर मरत नाहीत, निंबस मेला तरी मरत नाहीत, चालू काम चालूच राहतं. फक्त त्या काळात नोड गेला तर नवीन जागा द्यायला कुणी नसतं. स्टॉर्मच्या 1.0 व्हर्जनपासून एकापेक्षा जास्त निंबस ठेवता येतात, ठेवा.

प्रश्न : फ्लिंक वापरतोय, स्टँडअलोन. 3 टास्कमॅनेजर (फ्लिंकचे वर्कर), प्रत्येकी 4 स्लॉट. पॅरललिझम 4 चा (एकाच वेळी 4 प्रती चालवणारा) जॉब टाकला तर चारही एकाच टास्कमॅनेजरवर गेले, बाकी दोन मोकळे. आणि दुसरं, माझ्या जॉबमध्ये सोर्स 2, मॅप 4, सिंक 4 असे 10 सबटास्क (टप्प्यांच्या प्रती) आहेत तर 10 स्लॉट का नाही लागले?

उत्तर : दुसऱ्यापासून घेतो. फ्लिंकमध्ये स्लॉट शेअरिंग असतं, एकाच जॉबचे वेगवेगळ्या ऑपरेटरचे (टप्प्यांचे) सबटास्क एका स्लॉटमध्ये एकत्र राहू शकतात, म्हणजे एका स्लॉटमध्ये जवळपास अख्खी पाइपलाइन. त्यामुळे लागणारे स्लॉट म्हणजे बेरीज नाही, सगळ्यात मोठं पॅरललिझम, तुमच्याकडे 4. याचा फायदा असा की हलका सोर्स आणि जड मॅप एकाच स्लॉटमध्ये आल्याने स्लॉट आपोआप थोडे समान होतात, जे स्टॉर्मवाल्याला वर मिळालं नाही. पण तुमचे सोर्स 2 आहेत, त्यामुळे दोन स्लॉटमध्ये सोर्स आणि दोनमध्ये नाही, हे लक्षात असू द्या, जमलं तर सगळं 4 करा.

आता पहिला. फ्लिंकला मुद्दाम सांगितल्याशिवाय तो पसरवून ठेवायची तसदी घेत नाही. क्लस्टर.इव्हनली-स्प्रेड-आउट-स्लॉट्स नावाची सेटिंग आहे, डिफॉल्टला बंद, ती चालू करा (नव्या व्हर्जनमध्ये तिच्याऐवजी टास्कमॅनेजर.लोड-बॅलन्स.मोड, त्याला SLOTS द्या), मग 2-1-1 असं काहीतरी बसेल. हमी नाही, प्रयत्न करतो इतकंच. आणि पुढे मागे यार्न किंवा कुबरनेटीसवर (मशीन वाटून देणाऱ्या बाहेरच्या व्यवस्थांवर) गेलात तर ही सेटिंग चालू करून पण काही होत नाही म्हणून परत पत्र लिहाल, त्याचं उत्तर आत्ताच देतो. तिथे फ्लिंक गरजेपुरतेच टास्कमॅनेजर मागवतो, 4 स्लॉट हवे आणि एका टास्कमॅनेजरमध्ये 4 मावतात म्हटल्यावर तो एकच मागवणार, एकातच कसले पसरवताय? तिथे टास्कमॅनेजरमागे स्लॉट कमी करायचे, 1 किंवा 2, आणि मग ते पॉड (कुबरनेटीसवर एक टास्कमॅनेजर म्हणजे एक पॉड) वेगवेगळ्या नोडवर ठेवायचं काम कुबरनेटीसच्या स्प्रेड कन्स्ट्रेंटला सांगायचं. दोन शेड्युलर एकावर एक आहेत, वरच्याला खालचं दिसत नाही.

अजून एक, फ्लिंकचा स्लॉट मॅनेज्ड मेमरी (फ्लिंक स्वतः सांभाळतो ती) वाटून घेतो, सीपीयू नाही. 4 स्लॉट म्हणजे 4 कोर राखून ठेवले असं काही नसतं, एक स्लॉट सगळे कोर खाऊ शकतो.

प्रश्न : मग स्टॉर्मचा रिसोर्स अवेअर शेड्युलर (मेमरी-सीपीयू बघून वाटणारा) लावला की लोडप्रमाणे वाटप होतं ना? लावू का?

उत्तर : लावा, पण तो लोड मोजतो असं समजून लावू नका. तो तुम्ही सांगितलेला आकडा मानतो. प्रत्येक बोल्टला तुम्ही लिहून द्यायचं, मेमरी एमबीमध्ये आणि सीपीयू पॉइंटमध्ये, 100 पॉइंट म्हणजे एक कोर. नोडने पण आपली ऐपत सांगायची, डिफॉल्टला 400 पॉइंट. मग तो गणित मांडतो. तुम्ही जड पार्सिंग बोल्टला काहीच लिहिलं नाही तर त्याला डिफॉल्टचे 10 पॉइंट मिळणार, आणि तो चार कोरच्या नोडवर तसले 40 थ्रेड आनंदाने बसवणार, मेमरी पुरली तर. म्हणून आधी आठवडाभर मोजमाप घ्या, कपॅसिटी बघा, मग आकडे भरा, आणि कोड बदलला की आकडे पण बदला, जे कुणीच करत नाही.

अजून दोन धक्के बसतील त्याची तयारी ठेवा. एक, तुम्ही लिहिलेली वर्करची संख्या तो बघतच नाही, मेमरीच्या हिशोबाने किती वर्कर हवेत ते स्वतः ठरवतो. दोन, तो पसरवत नाही, उलट जवळ जवळ ठेवतो. यामागचं आर-स्टॉर्मचं काम 2015 चं, इलिनॉय विद्यापीठ आणि याहूच्या लोकांचं, त्यात जोर हाच होता की बोलणारे टास्क शेजारी ठेवा म्हणजे नेटवर्क वाचेल, आणि नोड भरून घ्या. म्हणजे 4 पैकी 2 नोड पूर्ण रिकामे दिसले तर घाबरू नका, या वेळी ते मुद्दाम आहे. पहिल्या प्रश्नवाल्यांनी हा लावला तर त्यांना परत दोन नोड गरम आणि दोन गार दिसू शकतात, फक्त कारण वेगळं असेल!

प्रश्न : काफ्का स्ट्रीम्स, टॉपिकला 6 पार्टिशन, अ‍ॅपचे 10 इन्स्टन्स चालू केले, एका इन्स्टन्सला एक थ्रेड. 4 इन्स्टन्स काहीच करत नाहीत.

उत्तर : करणार काय, त्यांच्यासाठी कामच नाही. तिथे निंबस नाही, फ्लिंकसारखा जॉबमॅनेजर (वाटप करणारा मुख्य) नाही, इन्स्टन्स आपापसात कन्झ्युमर ग्रुपच्या नियमाने (एक पार्टिशन एकाच वाचणाऱ्याला) टास्क वाटून घेतात आणि टास्क पार्टिशनइतकेच, 6. ते चार बंद करा, किंवा स्टेट स्टोअर (आतापर्यंतच्या हिशोबाची साठवण) मोठं असेल तर स्टँडबाय रेप्लिका 1 करा, मग ते रिकामे बसण्याऐवजी स्टेटची कॉपी ताजी ठेवतील आणि कुणी पडला तर लगेच जागा घेतील.